प्रात्यक्षिक आठव्या मिनिटाला संपलं

३ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ एक काम. नुसते आशीर्वाद द्यायची माझी पद्धत नाही, हे मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून तुम्हाला ठाऊक आहे.

आमच्या विभागात एक खोली दोन वर्षं रिकामी पडली आहे. चिकित्सा मानसशास्त्राच्या प्राध्यापकाची, म्हणजे जो माणूस मुलांना नुसतं पुस्तक शिकवत नाही, खऱ्या रुग्णासमोर बसायला शिकवतो त्याची. दारावर पाटीच्या जागी दोन स्क्रूची भोकं आहेत. तीनदा मुलाखती घेतल्या, तीनदा फिसकटल्या. आता एकतीस मार्चपर्यंत कोणी नेमलं नाही तर हे पद व्यवस्थापन विभागाला जाणार. पद गेलं की माझ्या सोळा विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ जायची परवानगी बंद, कारण देखरेखीला पात्र शिक्षक नाही. मी जूनमध्ये निवृत्त होते आहे. जाताना विभागाला कुलूप लावून किल्ली खिशात घालायची माझी इच्छा नाही.

तर काम असं. मुलाखतीत प्रत्येक उमेदवाराला वीस मिनिटं एका खोट्या रुग्णाशी बोलून दाखवावं लागतं. आम्ही पाच जण समोर बसून गुण देतो. हा खोटा रुग्ण म्हणजे आमच्या ग्रंथालयातले निवृत्त कारकून. गेली नऊ वर्षं ते सगळे आजार फार सुरेख करत. परवा जिन्यावरून पडले आणि खरेच रुग्ण झाले.

तुम्ही तरुणपणी नाटकांत तीन बक्षिसं मिळवलीत. उमेदवारांपैकी कोणी तुम्हाला ओळखत नाही. आपलं नातं मी समितीला आधीच सांगितलं आहे, त्यांची हरकत नाही. २६ तारखेला मुलाखती आहेत. आदल्या दिवशी घरी या. नाही म्हणू नका.

तुमची
वहिनी

ता. क. तुमचे दादा म्हणतात, फोन का उचलत नाहीस ते विचार.


८ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप वहिनींस,

नमस्कार. साष्टांग घालायला गुडघे तयार नाहीत, तेव्हा उभ्यानेच स्वीकारावा.

म्हणजे अडला हरी... पुढचं लिहीत नाही, कारण त्यात गाढव मी आहे. येतो. २५ ला संध्याकाळच्या गाडीने.

दादाला सांगा, फोनवर तो ओरडतो. शिवाय फोनवर कोणी विचारतं, 'बरं आहे ना?', आणि आपण म्हणतो, 'बरं आहे.' झालं, संपलं बोलणं. पत्रात निदान अक्षर तरी नीट काढता येतं. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, तेवढीच एक खोड राहिली आहे.

इकडचं म्हणाल तर आवराआवर चालू आहे. पाट्यांचं दुकान महिन्यापूर्वी बंद केलं. सगळे ब्रश समोरच्या फ्लेक्सवाल्याला देऊन टाकले. ज्याने माझा धंदा बसवला त्यालाच दिले, म्हणजे पुण्य जास्त. सायकल शेजारच्या ड्रायव्हरकाकांना दिली. हिचे कपडे गेले, भांडीही बरीचशी गेली. हिला जाऊन चौदा महिने झाले, किती दिवस सांभाळायचं? घर आता छान मोकळं झालं आहे. बोललं की आवाज घुमतो.

तुमचं काम झालं की मीही मोकळा.

आपला
भाऊ


१३ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

जीव भांड्यात पडला. सोबत कार्ड पाठवते आहे. त्यावर तुमचं खोटं आयुष्य लिहिलं आहे, ते पाठ करा. तुमचं वह्या-पेनांचं दुकान आहे, समोर मोठं दुकान निघालं, तीन महिने झोप नाही. घरी बायको आणि दोन मुलगे. दोन्ही मुलगे दुकानात बसायला तयार नाहीत. चारही उमेदवारांना अगदी तीच उत्तरं द्यायची. पदरचं काही घालायचं नाही. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या की तुम्ही संवाद वाढवायचात, असं माझी धाकटी जाऊ सांगायची.

घर आवरलंत, फार छान केलंत. माणूस आवरायला लागला की समजावं, मन पुढे सरकलं. शाब्बास. आमच्या घरातलं माळ्यावरचं सामानही येऊन आवरा, तुमचे दादा त्यातला एक खिळा मला टाकू देत नाहीत.

तुमची
वहिनी


१ मार्च

प्रिय भाऊजी,

परवा तुम्ही जेवायलाही न थांबता निघून गेलात. आदल्या रात्रीही ताटात नुसतं चिवडत बसला होतात. मी म्हटलं, नाटकाआधी पोट हलकं ठेवायची जुनी सवय असेल. असो. रागवायला हे पत्र लिहिते आहे, पण आधी थोडं कौतुक.

पहिल्या तिघांबरोबर तुम्ही बहार केलीत. सूटवाल्या गृहस्थांनी घड्याळ बघत सोळा मिनिटांत तुमचं निदान केलं. दुसऱ्या बाईंनी सगळे प्रश्न पाठ करून आणले होते, एकही चुकला नाही, त्यांना तीसपैकी सत्तावीस मिळाले. तिसऱ्याने वीस मिनिटांपैकी पंधरा स्वतःच बोलून घेतली. तुम्ही मान मात्र सुरेख हलवत होता.

आणि मग चौथ्या, त्या कापडी पिशवीवाल्या बाई. बारा वर्षं सरकारी इस्पितळात काढलेल्या. माझी सगळी आशा त्यांच्यावर होती. आणि त्यांच्याच वेळी तुम्ही कार्ड सोडलंत! बायको-मुलं बाजूला राहिली आणि तुम्ही गप्प होऊन डोळ्यांत पाणी आणलंत. आठव्या मिनिटाला त्या उठल्या आणि आम्हालाच म्हणाल्या, "तुम्ही सगळे जरा बाहेर जाल का? ही परीक्षा राहिली नाही आता."

आम्ही पाच जण, त्यात एक अधिष्ठाता, चाळीस मिनिटं व्हरांड्यातल्या बाकावर. चहा आत राहिला. बाहेरगावचे तज्ज्ञ म्हणाले, "अभिनय आणि खरं दुःख यांतला फरक या बाईंना कळत नाही, कमाल आहे." मीही मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आमच्या भाऊजींना तीन बक्षिसं आहेत." तुम्ही बाहेर आलात तेव्हा अधिष्ठात्यांनी तुमची पाठ थोपटली, ते तुम्हाला आठवत असेलच.

नंतर बाईंना विचारलं, काय निदान केलंत, पुढे काय ठरवलंत? त्या म्हणाल्या, "प्रात्यक्षिक आठव्या मिनिटाला संपलं. त्यापुढचं सांगायचा हक्क माझा नाही." तीनदा विचारलं, तीनदा हेच उत्तर. आमच्या समितीत विद्यापीठाचे एक प्रतिनिधी आहेत, नियमांचं पुस्तक उशाला घेऊन झोपतात, म्हणून आम्ही त्यांना नियमराव म्हणतो. नियमरावांनी त्यांना शून्य दिलं. 'प्रात्यक्षिक अपूर्ण.' काय बोलणार? १० तारखेला निवडीवर सह्या आहेत. सत्तावीसवाल्या बाईंचं नाव जाईल. वाईट नाहीत त्या. पद वाचेल, मुलं वाचतील.

पण भाऊजी, एका चांगल्या बाईची संधी तुमच्या हौसेपायी गेली. हे मला फार लागलं, म्हणून लिहिलं.

तुमची
वहिनी


४ मार्च

तीर्थस्वरूप वहिनींस,

नमस्कार. आज चेष्टा कमी असेल, सांभाळून घ्या.

मी अभिनय करत नव्हतो.

पहिल्या तिघांपुढे केला. झोप किती, धंदा कसा, मुलगे काय करतात, सगळ्याची उत्तरं कार्डावर होती. घडाघडा दिली. चौथ्या बाई आल्या, पिशवी पायाशी ठेवली, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "आज सकाळी काय खाल्लंत?" वहिनी, हे कार्डावर नव्हतं. मी म्हटलं, चहा. "आणि काल रात्री?" मला आठवेना. तुमच्या घरी, तुमच्या शेजारी बसून जेवलो होतो आणि ताटात काय होतं ते आठवेना. मागे मागे जात राहिलो, तर गेल्या आठवड्यातलं एकही जेवण आठवेना. मग त्यांनी विचारलं, "घरी पान कोण वाढतं?" कार्डावरची बायको जिवंत आहे. तिचं सांगायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही.

त्या हळूच म्हणाल्या, "हे त्या दुकानदाराचं आहे, की तुमचं?" मी म्हटलं, माझं. एवढं पुटपुटलो की तुम्हाला ऐकू गेलं नसणार. त्यानंतर त्यांनी तुम्हाला बाहेर काढलं.

तुम्ही गेल्यावर त्यांनी सरळ विचारलं, जगणं नको वाटतं का. चौदा महिने 'कसे आहात' सगळे विचारत होते, हे कोणी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. हो म्हटल्यावर आधी भीती वाटली आणि मग इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडलो. ब्रश, सायकल, भांडी दिली ती आवराआवर नव्हती, वहिनी. तुमचं काम तेवढं उरकायचं, परत यायचं आणि मग राहिलेलं आवरायचं, असं ठरवून मी आलो होतो. तुम्ही बोलावलंत म्हणून २६ तारखेपर्यंत थांबलो, हेही तितकंच खरं आहे.

आता घाबरू नका. बाईंनी माझ्यासमोर इथल्या डॉक्टरांना फोन लावून वेळ घेतली. घरच्या कोणाला तरी आत्ता सांगा म्हणाल्या. मी म्हटलं, वहिनींना नको, आजच्या दिवस नको. मग दुसरं कोण? शेवटी ड्रायव्हरकाकांना फोन केला. ते मला गाडीवर उतरवून घ्यायला आले, हिच्या औषधांचा उरलेला डबा त्यांनी नेला आणि तेव्हापासून रात्री माझ्याकडेच झोपतात. घोरणं असं की मरायचं म्हटलं तरी लक्ष लागायचं नाही. परवा डॉक्टरांकडे जाऊन आलो. गोळी सुरू झाली आहे, आणि आठवड्यातून एकदा बोलायला जायचं आहे.

अधिष्ठात्यांनी पाठ थोपटली तेव्हा मी 'थँक्यू' म्हणालो. आणखी काय म्हणणार होतो?

सोबत वेगळा कागद आहे, सही करून. तो समितीला वाचून दाखवा. बाईंनी तोंड उघडलं नाही ते माझ्यासाठी. तेव्हा आता मी उघडतो. माझ्यामुळे त्यांची जागा गेली तर मला गोळीनेही झोप यायची नाही.

आपला
भाऊ


७ मार्च

भाऊजी,

हे पत्र तुमचे दादाच घेऊन येताहेत. पोस्टावर विश्वास नाही म्हणाले. खरं म्हणजे त्यांना तुम्हाला डोळ्यांनी बघायचं आहे. त्यांना सगळं सांगितलं. ऐकून उठले आणि बॅग भरायला लागले. ओरडले तर ओरडू द्या.

मी तुमचं फेब्रुवारीतलं पत्र काढून पुन्हा वाचलं. 'जवळच्या वस्तू देऊन टाकणे.' दर वर्षी मी हे फळ्यावर लिहिते, खाली दोन रेघा मारून. अठ्ठावीस वर्षं लिहिते आहे. आणि तुम्ही तेच मला स्वच्छ अक्षरात कळवलंत, तर मी उत्तर पाठवलं, शाब्बास. दिव्याखाली अंधार म्हणतात तो किती असतो ते मला आज कळलं. तुम्ही आमच्या घरी दोन घास चिवडत होता आणि मी माळ्यावरच्या सामानाबद्दल बोलत होते. पाच तज्ज्ञ समोर बसून तुमच्या अभिनयाला दाद देत होते. मला माफ करा. हे मी वहिनी म्हणून लिहिते आहे, प्राध्यापक म्हणून माफी मागायची माझी लायकी नाही.

तुम्ही सांगितलंत. माझ्यावर इतके उपकार कोणी केले नाहीत. आता दादांना स्वयंपाक करू द्या. वाईट करतात, पण खा.

वहिनी


११ मार्च

प्रिय भाऊजी,

कालचं सगळं सांगते.

समितीत मी आधी उभी राहिले आणि म्हटलं, २६ तारखेला आपण पाच जण चुकलो, सगळ्यांत जास्त मी. तुमचा कागद वाचून दाखवला. मध्ये एकदा पाणी प्यायले, पुढे वाचला. मग मी म्हटलं, हे माझ्या घरचं प्रकरण आहे, मी आता मत देणार नाही. आणि बाहेर जाऊन त्याच बाकावर बसले.

पाऊण तास बसले असेन. आतून नियमरावांचा आवाज येत होता आणि मला धडकी भरत होती, की आता कुठलं कलम काढतात! ती बाई गेलीच हातची, असं मी धरून चालले होते. शेवटी दार उघडलं. नियमराव स्वतः बाहेर आले, पुस्तक काखेत. म्हणाले, "बाई, नियमात लिहिलंय, समितीच्या चुकीने प्रात्यक्षिक अपूर्ण राहिलं तर शून्य देता येत नाही. जेवढं झालं तेवढ्यावरच गुण द्यायचे. मी आठ मिनिटांवर दिले."

"किती?" मी विचारलं.

"तीस," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

चौघांचंही एकमत झालं. सह्या झाल्या. पद वाचलं, सोळा मुलं वाचली, आणि बरोबर माणूस मिळाला. बाहेरगावच्या तज्ज्ञांनी त्यांचे त्या दिवशीचे शेरे परत मागून घेतले. अधिष्ठात्यांनी तुमचा पत्ता मागितला आहे, त्यांना माफीचं पत्र लिहायचं आहे. मी म्हटलं, आधी भाऊजींना विचारते. दोन वर्षांत पहिल्यांदा मी काल दुपारी झोपले, भाऊजी, तेही जमिनीवर आणि उशी न घेता.

दादा कसे वागताहेत?

वहिनी


१९ मार्च

तीर्थस्वरूप वहिनींस,

पत्र दादाने मोठ्याने वाचलं. ड्रायव्हरकाकांनाही ऐकवलं. 'तीस'ला दोघांनी टाळ्या वाजवल्या. या टाळ्या मात्र मी घेतल्या.

अधिष्ठात्यांना म्हणावं, पत्र नको. पुढच्या वेळी कोणाची पाठ थोपटायच्या आधी त्याच्याकडे नीट बघा, एवढं पुरे.

दादाने घरात धुमाकूळ घातला आहे. सकाळी मला फिरायला नेतो आणि स्वतःच दमून बाकावर बसतो. आम्ही भांडतो. लहानपणी तो माझा पतंग फाडायचा, ते परवा काढलं, तासभर भांडलो आणि मग दोघेही हसलो. हिच्याबद्दलही बोलतो आता. आधी तिचा विषय निघाला की सगळे चहा करायला उठत.

रोज छान वाटतं असं नाही, तुम्हाला खोटं कशाला सांगू? मंगळवार फार वाईट गेला. पण डॉक्टर म्हणाले, वाईट मंगळवार येणार, तो बुधवारी संपतो. संपला.

काल फ्लेक्सवाल्याकडे जाऊन ब्रश परत मागितले. त्या गाढवाने माझ्या चार नंबरच्या ब्रशने मशीनची धूळ झाडली होती! दिलेली वस्तू परत मागू नये म्हणतात, पण मी अर्धा तास भांडून आणले. केरोसीनमध्ये भिजत घातले आहेत.

त्या दोन स्क्रूच्या भोकांवर पाटी कोण लावणार आहे?

आपला
भाऊ


२ एप्रिल

प्रिय भाऊजी,

पाटी तुम्हीच करणार, आणखी कोण? विभागाने प्लॅस्टिकची छापून घ्यायचं ठरवलं होतं, मी हाणून पाडलं. माप आणि नाव सोबतच्या कागदावर आहे. निळ्यावर पांढरं.

बाई काल रुजू झाल्या. त्याच कापडी पिशवीतून त्यांनी एक डबा, एक टॉवेल आणि रुग्णासाठी म्हणून एक बरीशी खुर्चीची उशी काढली. सोळाही मुलं दारात गर्दी करून बघत होती. मी मुद्दाम म्हटलं, "तुमची पाटी माझे धाकटे दीर रंगवणार आहेत. तुम्ही त्यांना भेटल्या आहात." त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. म्हणाल्या, "असं का? मला नाही आठवत." इतक्या सहज, की क्षणभर मलाच वाटलं, खरंच विसरल्या की काय!

मग मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून म्हणाल्या, "पाटी रंगवणाऱ्यांना घाई करू नका म्हणावं. उपाशीपोटी हात थरथरतो. जेवून मग बसू देत."

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. सुखाचं रडणं होतं, काळजी करू नका.

वहिनी


९ एप्रिल

तीर्थस्वरूप वहिनींस,

नमस्कार. गुडघे जरा बरे आहेत, तेव्हा या वेळी अर्धा साष्टांग.

पाटी तयार आहे. पहिली बिघडली, हात हलला. दुसरीही मला पसंत पडली नाही. तिसरी वाळते आहे. दादा उद्या ती घेऊन निघेल, कारण त्याच्या मते तुम्ही एकट्या माळा आवराल आणि त्याचे खिळे टाकाल. पाटी नीट ओळंब्यात लावा, तिरकी दिसली तर मी स्वतः येईन. तसाही पुढच्या महिन्यात येणारच आहे. तुमचे कारकून बरे झाले नसतील तर मला बोलावू नका, खोटा रुग्ण व्हायला मी आता लायक उरलो नाही.

बाईंना निरोप द्या. मला ओळखत नसल्या तरी द्या. म्हणावं, पाटी रंगवणाऱ्याने आज सकाळी दोन अंडी आणि पाव खाल्ला, मग ब्रश हातात घेतला. आणि काल रात्री काय जेवला तेही त्याला आठवतं. भात आणि वांग्याची भाजी होती. दादाने केली होती, मीठ दोनदा पडलं होतं.

आपला
भाऊ